दगडाच्या पोटातली खार

मित्रांनो, मी एक म्हातारी खार आहे. म्हातारी म्हणजे चौथा उन्हाळा पाहणारी. तुमच्यात हे वय काहीच नाही. तुमची मुले या वयात बोबडे बोलतात. पण आमच्यात चौथा उन्हाळा पाहणाऱ्या फार थोड्या. माझ्या पाठीवरचे तीन पट्टे आता मळकट झाले आहेत, शेपटीचे केस विरळ झाले आहेत आणि उजव्या कानाने मला कमी ऐकू येते. डावा कान मात्र अजून शाबूत आहे. त्या कानाने मी एकदा जे ऐकले, ते तुम्हाला सांगून ठेवायचे आहे.

माझा जन्म पुण्यात, सदाशिव पेठेत, एका चिंचेवर झाला. आम्ही तीन भावंडे होतो. जन्मलो तेव्हा आमच्या अंगावर केस नव्हते, डोळे मिटलेले होते आणि आमचा आकार चिंचेच्या एका शेंगेपेक्षा मोठा नव्हता. आईने काथ्या, कापूस, जुन्या लुगड्याचे दोरे आणि वाळके गवत दातांनी पिंजून गोल घरटे केले होते. त्यात दूध पीत, एकमेकांच्या अंगाची ऊब घेत आम्ही वाढलो. पंधरा-सतरा दिवसांनी डोळे उघडले. महिन्याभराने फांदीवर आलो. दुसऱ्याच दिवशी माझ्या भावाला शिक्र्याने उचलले. एक सावली आली आणि गेली. फांदीवर तो नव्हता. तेव्हा आईने आम्हाला पहिला धडा दिला. धोका दिसला की खोडाला चिकटायचे, शेपटी झटकायची आणि गळा फाटेपर्यंत ओरडायचे. चिर्रर्, चिर्रर्, चिर्रर्. आपले ओरडणे आपल्यासाठी नसते. ते बाकीच्यांसाठी असते. आणि दुसरी खार ओरडली की आपणही ओरडायचे, धोका आपल्याला दिसो वा न दिसो. हा आमच्या जातीचा नियम आहे. तो मनात नसतो, अंगातच असतो.

चिंचेपासून दहा-बारा हातांवर पाण्याचा एक हौद होता आणि हौदाला लागून एक दगडी मनोरा होता. दोन पुरुष उंच, चौकोनी, वर निमुळता होत गेलेला. कात्रजच्या तलावाचे पाणी पेठांमध्ये जमिनीखालच्या दगडी नळातून येत असे. तो नळ एवढा मोठा, की त्यातून माणूस चालत जाई. नळाला हवा लागावी म्हणून मध्ये मध्ये असे मनोरे बांधले होते. माणसे त्यांना उच्छ्वास म्हणत. नाव अगदी बरोबर होते. भर दुपारी त्या दगडावर पाय ठेवला तर आतून गार वारा येई. थोडा वेळ येई, मग थांबे, मग पुन्हा येई. आई म्हणायची, "त्या दगडाला श्वास आहे. तिकडे घर करू नका."

मी मोठी झाले तसे आईचे बोलणे विसरले.

हौदापाशी दोन माणसे राहत. दत्तोबा नळाची राखण करी. आठवड्यातून एकदा तो हौदामागचे दगडी झाकण बाजूला सारून, पायऱ्या उतरून जमिनीखाली जाई आणि गाळ काढून येई. त्याची बायको मथुराबाई. त्यांना मूलबाळ नव्हते. मथुराबाई सकाळी दळण झाले की मूठभर कण्या हौदाच्या काठावर टाकी आणि जीभ टाळूला लावून आमच्यासारखा आवाज काढी. चिर्रर्. पहिल्यांदा मी फसले आणि शिक्रा आला समजून खोडाला चिकटले. ती हसली. पुढे पुढे ती इतका हुबेहूब आवाज काढू लागली, की दत्तोबा म्हणे, "अगं, शेपूट फुटंल एक दिवस."

"फुटू द्या की," ती म्हणे. "झाडावर तरी चढता येईल. हितं तुमच्या मागं चिखलात उतरायचं ते उतरायचंच हाय."

हौदासमोर श्रीनिवासशास्त्र्यांचे लहानसे घर होते. शास्त्री पाठशाळेत शिकवत. त्यांचे पाय सुजत आणि त्यांना खोकल्याची उबळ येई. घरात ते आणि त्यांची सून सगुणाबाई अशी दोघेच असत. मुलगा फौजेबरोबर कारकून म्हणून बाहेरगावी असे. सगुणाबाई देवासाठी वाती वळायला कापूस उन्हात घालीत आणि मी तो पळवीत असे. शास्त्री ओट्यावरून माझ्याकडे शांतपणे पाहत आणि म्हणत, "सूनबाई, तिला विचारा, तूपही हवं आहे का? वाती एकट्या नेऊन काय करणार बिचारी."

त्या पावसाळ्याच्या शेवटी मला पिल्ले व्हायची होती. चिंचेवर एक बोका फिरू लागला होता, म्हणून मी दुसरी जागा शोधत होते. उच्छ्वासाच्या वरच्या अंगाला एक चिरा सरकून खोबण तयार झाली होती. हात जाईल एवढी. आत कोरडे होते आणि बोक्याला तिथे चढता येत नव्हते. मी शास्त्र्यांच्या कापसाने ती खोबण भरली. तिथे मला तीन पिल्ले झाली. खोबणीच्या मागच्या फटीतून नळातला वारा येई. पिल्ले झोपली की मी त्या फटीला कान लावून बसे. खालून पाण्याचा आवाज येई. कधी कधी त्यात फार दुरून कोणीतरी बोलल्यासारखे वाटे. कोंढव्यापलीकडे कोणी नळावर पाय आपटला तरी तो इथे पोटात ऐकू येई, असे दत्तोबा सांगे. मला ते खरे वाटू लागले होते.

माझ्या बाळंतपणानंतर चार-पाच दिवसांनी समोर सगुणाबाईंनाही मुलगा झाला.

मग दिवाळी आली. त्या दिवाळीच्या दिवशी सकाळी पूर्वेकडून ढग गडगडावे तसा आवाज येऊ लागला, पण आभाळ स्वच्छ होते. दोन मराठी फौजा शहराबाहेर एकमेकींशी लढत होत्या. मला ते तेव्हा कळले नाही. मला एवढेच कळले की दगड थरथरतो आहे आणि पिल्ले दूध सोडून माझ्या पोटाखाली शिरत आहेत. दुपारनंतर आवाज थांबला. ज्यांनी जिंकले ती फौज आता शहरात येणार, अशी ओरड झाली.

पुढच्या दिवसांत रस्ता माणसांनी भरून वाहिला आणि मग रिकामा झाला. गाड्या, बैल, डोक्यावरची गाठोडी, कडेवरची मुले, सगळे सिंहगडाच्या दिशेने गेले. शेवटची माणसे तर धावतच गेली. नंतर जी शांतता आली ती मी कधी ऐकली नव्हती. रहाट नाही, जाते नाही, घंटा नाही. आम्ही खारी आधी आनंदलो. घरे उघडी होती. परातीत मळलेली कणीक होती, पाटावर अर्धे वाढलेले ताट होते, झोपाळा अजून हलत होता. आम्ही स्वयंपाकघरांत शिरलो, डब्यांत उतरलो, कोणी हाकलले नाही. थोड्या वेळाने एकेक खार न खाताच बाहेर आली. मीही आले. जिथे कोणी हुसकावत नाही, तिथे खाल्लेले घशाखाली उतरत नाही.

या गल्लीत चार माणसे मागे राहिली होती. सगुणाबाईंना बाळंत होऊन दहावा दिवस होता. त्यांना चालवत नव्हते आणि गाडी मिळाली नव्हती. शास्त्री ओट्यावर बसले होते. दत्तोबा आणि मथुराबाई त्यांच्यासमोर उभे होते.

"शास्त्रीबुवा, ऐका माझं," दत्तोबा म्हणाला. "सूनबाईंना अन् बाळाला नळात उतरवू. मथुरा संगं जाईल. वरचं झाकण लावतो, वर गोवऱ्या रचतो. कुणाच्या बापाला कळणार न्हाई."

शास्त्र्यांनी मांडीवरच्या पोथीतून डोळे वर केले. "दत्तोबा, तिला सोयर आहे," ते म्हणाले. "आणि ते अर्ध्या पेठेचं पिण्याचं पाणी आहे."

"पाणी मी बंद केलंय. वरच्या हौदापाशी दट्ट्या ठोकून आंबिल ओढ्यात सोडलंय. नळात आता घोट्याएवढं बी न्हाई."

"म्हणजे विचारायला येण्यापूर्वीच बंद केलंत."

"व्हय."

शास्त्र्यांनी पोथी मिटली. "मग माझ्या शास्त्राला विचारण्यात अर्थ नाही. न्या त्यांना."

"आपण बी चला."

"मला दर घटकेला खोकला येतो. मी आत बसलो तर सगळ्या पेठेला पत्ता कळेल. मी इथेच बसतो. घरात कोणीच नसलं तर ते शोधतात. एक म्हातारा असला तर त्यालाच विचारत बसतात."

सगुणाबाई दारात उभ्या होत्या, बाळ पदराखाली. त्या म्हणाल्या, "मामंजी, तुम्हाला एकटं टाकून मी जाणार नाही."

"जा," शास्त्री म्हणाले. "मी पहिल्यांदाच तुम्हाला काही करायला सांगतो आहे असं नाही, पण पहिल्यांदाच ते पटकन करा."

तिघे झाकणाखाली उतरली. बरोबर लाह्या, डाळे, गूळ आणि एक घोंगडी होती. दत्तोबाने झाकण ओढले, त्यावर गोवऱ्या रचल्या. मग तो कात्रजच्या रस्त्याला लागला. फौजेतल्या कोणी घोड्यांसाठी पाणी शोधताना वरचा दट्ट्या काढला, तर सगळे पाणी एकदम नळात घुसणार होते. म्हणून तो दट्ट्यापाशी बसून राहणार होता. जाताना त्याने उच्छ्वासाला तोंड लावून खाली सांगितले, "मथुरे, येतो गं."

खालून तिचा आवाज आला. दगडातून आलेला आवाज माणसाचा वाटत नाही. तो एकाच वेळी फार जवळ आणि फार लांब असतो. "या," ती म्हणाली.

त्यानंतर मी माझ्या खोबणीत बसून त्या तिघांचे सगळे ऐकत होते. बाळाचे चोखणे, सगुणाबाईंचे कण्हणे, मथुराबाईचे पुटपुटणे. फटीतून दुधाचा वास वर येई आणि माझी पिल्ले नाक उचलून त्या वासाकडे वळत. रात्रीचे मला ठाऊक नाही; अंधार पडला की आम्ही खारी झोपतो. पण रोज उजाडताना पहिला आवाज तोच असे. "आले का हो?" मथुराबाई दगडाला विचारी.

तिसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर तिघे शिपाई आले. दोघे तरुण होते. त्यांतला एक, कपाळावर वण असलेला, बाकीच्यांना हुकूम सोडत होता. तिसरा पिकल्या दाढीचा होता. त्यांच्याजवळ पहारी होत्या. लोक जाताना घरातल्या चीजा जमिनीत पुरून गेले होते आणि हे त्या खणून काढत फिरत होते. आम्ही खारी बिया पुरून ठेवतो आणि पुष्कळदा कुठे पुरल्या ते विसरतो. माणसे विसरत नाहीत. म्हणून माणसांना मारून विचारता येते.

ते शास्त्र्यांच्या घरात शिरले. बराच वेळ जमीन फोडल्याचे आवाज आले. मग बाहेर येऊन वणवाला म्हणाला, "काय पुरलंय अन् कुठं?"

"परसात एक मांजर पुरलं आहे," शास्त्री म्हणाले. "उकरायचं असेल तर डावीकडे."

"घरातली माणसं?"

"सिंहगडावर गेली. माझे पाय मला या ओट्यापर्यंतच आणतात."

वणवाल्याने त्यांचा हात धरून मागे पिळला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. शास्त्र्यांनी डोळे मिटले. त्यांनी तोंडातून अक्षर काढले नाही.

आणि त्या शांततेत उच्छ्वासातून मूल रडले.

बारीक आवाज होता. पण तो दगडाच्या पोटातून निघून, मनोऱ्यात घुमून वर येत होता. तो कुठून येतो ते कळत नव्हते. सगळी रिकामी गल्ली रडते आहे असे वाटले. दुसरा तरुण शिपाई दोन पावले मागे सरला. "दगडात पोर रडतंय," तो म्हणाला.

"रडतं," शास्त्री म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज तोच होता. "तीन वर्षांपूर्वी एक बाळंतीण मुलासकट त्या नळात गेली. आम्हाला सवय झाली आहे. चार दिवस राहिलात तर तुम्हालाही होईल."

तरुण शिपायाने छातीवरचा ताईत मुठीत धरला. वणवाला मात्र मनोऱ्याकडे पाहत होता. तो पिकल्या दाढीच्या शिपायाला म्हणाला, "हिंदुराव, बघ जाऊन."

हिंदुराव हौदाच्या काठावर चढला. त्याचे तोंड माझ्या खोबणीसमोर आले. मी खोडाला चिकटावे तशी दगडाला चिकटले, शेपटी झटकली आणि जेवढे ओरडता येईल तेवढे ओरडले. पळून जायला हवे होते. पिल्ले आत होती, म्हणून पळवेना. त्याने हात आत घातला. त्या हाताला घोड्याचा वास होता. त्याने माझे एक पिल्लू उचलले. ते किंचाळू लागले.

मग त्याने खोबणीच्या मागची फट पाहिली आणि तिला कान लावला. त्याचा गाल माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. खालून गार वारा येत होता आणि त्यात दुधाचा वास होता. खाली कोणीतरी बाळाचे तोंड छातीशी दाबून धरले होते. तो गुदमरलेला आवाज मला ऐकू आला. त्यालाही आला. तुम्ही म्हणाल, खारीला माणसाच्या डोळ्यांतले काय कळते? पण पाहणारे डोळे आणि पाहूनही न पाहणारे डोळे यांतला फरक आम्हाला जन्मापासून शिकावा लागतो. त्यावरच आमचा जीव असतो. त्याच्या डोळ्यांत तो बदल मी पाहिला.

"खारीची पिल्लं हायती," तो मोठ्याने म्हणाला. "तीच चिरकत्यात."

"आण इकडं."

त्याने पिल्लू नेऊन वणवाल्याच्या तळहातावर ठेवले. ते अजून किंचाळत होते. तरुण शिपाई हसला. भ्यालेला माणूस हसतो तसा. वणवाल्याने हात झटकला. पिल्लू फरशीवर पडले. मग ते तिघे पुढच्या घराकडे गेले. हिंदुराव सर्वांत मागे होता.

मी धावत जाऊन पिल्लाला तोंडात धरले. ते गरम होते. मी त्याला खोबणीत नेऊन चाटत बसले. ऊन कलेपर्यंत ते गार झाले. त्याच्या पाठीवर नुकतेच पट्टे दिसू लागले होते.

आम्ही खारी शोक फार वेळ करत नाही, कारण वेळ नसतो. ज्या घरात हात शिरला ते घर सोडायचे असते. मी उरलेल्या दोघांना एकेक करून मानेपाशी तोंडात धरले आणि चिंचेवर नेले. उंच बेचक्यात घाईघाईने नवे घरटे केले. बोक्याची भीती होती, पण बोकाही माणसांबरोबर नाहीसा झाला होता. जमिनीखाली कोण आहे आणि माझ्या जाण्याने त्यांचे काय होईल, हा विचार माझ्या मनात आला नाही. मी खार होते. मला दोन पिल्ले होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायांचा एक घोळका गल्लीत आला. घोडे हौदाचे उरलेले पाणी पीत होते. आणि खाली मूल पुन्हा रडू लागले.

त्याच क्षणी उच्छ्वासातून माझा आवाज आला.

चिर्रर्, चिर्रर्, चिर्रर्.

मित्रांनो, त्या वेळी माझ्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. तो आवाज दुसऱ्या खारीचा नव्हता. प्रत्येकीचा आवाज वेगळा असतो. माझ्या ओरडण्यात तिसऱ्या खेपेला एक खरड येते. तीच खरड त्यात होती. मी चिंचेवर होते. माझी पिल्ले चिंचेवर होती. खोबण रिकामी होती. तरी दगडाच्या पोटातून मी ओरडत होते. पिल्लांनी मान वर करून आधी माझ्याकडे पाहिले, मग दगडाकडे, आणि ती दगडाकडे तोंड करून कुईकुई करू लागली. काल मेलेले पिल्लू आणि मी, आम्ही दोघे अजून तिथेच आहोत आणि इथे फांदीवर दुसरीच कोणी बसली आहे, असे मला वाटले.

पण आमच्या जातीचा नियम अंगात असतो. मी उत्तर दिले. माझी शेपटी आपोआप झटकू लागली, माझा गळा आपोआप उघडला. मी ओरडले म्हणून पिंपळावरची खार ओरडली. तिच्यामुळे शास्त्र्यांच्या छपरावरची ओरडली. मग पलीकडच्या बोळातली, मग त्यापलीकडची. सगळ्या रिकाम्या पेठेत खारी ओरडू लागल्या. धोका कोणालाच दिसत नव्हता. त्या कोलाहलात मूल रडते आहे की नाही, हे कोणालाच सांगता आले नसते.

एक शिपाई म्हणाला, "काय वैताग हाय. सगळं गाव सोडून गेलं अन् खारी तेवढ्या राह्यल्या." त्यांनी दोन दगड फांद्यांत भिरकावले, घोडे आवरले आणि ते गेले.

घोड्यांच्या टापा दूर गेल्यावर दगडातला आवाज थांबला. मी हळूहळू उतरून खोबणीपाशी गेले. फटीतून कोणाचा तरी धापा टाकल्याचा आवाज येत होता. मग मथुराबाईचा घोगरा आवाज आला. "पी रे माझ्या राजा, पी. गेले ते." तेव्हा मला कळले.

पुढचे तीन दिवस असेच गेले. पावले वाजली आणि मूल रडले, की ती जमिनीखालून ओरडे, मी उत्तर देई आणि सगळी पेठ उठे. ती ओरडते आहे हे मला माहीत होते, तरी प्रत्येक वेळी माझे अंग शहारे. दिवसागणिक तिच्या आवाजातले माणूसपण कमी होत गेले. शेवटच्या दिवशी शिपाई नसतानाही ती ओरडत होती. सगुणाबाई विनवत होत्या, "मथुराबाई, पुरे. आता कोणी नाही. मथुराबाई, माझ्याशी बोला." खालून चिर्रर् एवढेच येई. आणि उजाडताना "आले का हो" हा प्रश्नही येईनासा झाला.

शास्त्री ओट्यावरच होते. त्यांचा हात सुजून काळा पडला होता. झाकण उचलायला दोन धड हात लागत आणि त्यांचा एकच चालत होता. ते दिवसातून कितीदा तरी फरफटत गोवऱ्यांपाशी जात, एकेक गोवरी बाजूला करून पाहत, कोणी येण्याची चाहूल लागली की पुन्हा रचत. दत्तोबा परत आला नव्हता.

आठव्या दिवशी सकाळी कर्णे वाजले. ती टोळी दुसरीकडे निघाली होती. घोडे गल्लीच्या तोंडाशी गोळा होत असताना हिंदुराव एकटाच आत आला. तो शास्त्र्यांकडे न पाहता हौदामागे गेला. पायाने गोवऱ्या उडवल्या, झाकणाच्या फटीत पहार घातली आणि अंगाचा भार टाकला. झाकण हातभर सरकले.

"बाबा, आमी चाललो," तो शास्त्र्यांना म्हणाला. त्याने आत डोकावून पाहिले नाही. "खारीचं पोर माझ्या हातनं गेलं. माणसाचं नको."

तो पहार खांद्यावर टाकून निघून गेला. त्याला पुन्हा या पेठेत कोणी पाहिले नाही.

सगुणाबाई बाळाला घेऊन आधी वर आल्या. त्या उजेडात डोळे उघडू शकत नव्हत्या. मथुराबाई मागून आली, हातापायांवर, आणि काठावर येऊन तशीच बसून राहिली. शास्त्री तिच्याजवळ गेले. ती त्यांच्याकडे पाहत होती, पण ओळखत नव्हती. वरून एक घार गेली. तिची सावली फरशीवरून सरकली आणि मथुराबाई मान आत ओढून ओरडली. मी चिंचेवरून उत्तर दिले. मला देणे भाग होते.

दत्तोबा वरच्या हौदापाशी सापडला. हे मी नंतर पाणी भरणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकले. तो दट्ट्याला पाठ लावून बसला होता आणि त्याच्या डोक्यात जखम होती. मरून बरेच दिवस झाले असावेत. दट्ट्या तसूभर हलला नव्हता. मथुराबाईला तिथे नेले तेव्हा तिने त्याच्या खांद्यावरचा गाळ पुसला. त्याला उचलून नेल्यावर तिनेच हातोडा मागून घेतला आणि दट्ट्या काढला.

इकडे आम्हाला ते दगडातून कळले. आधी उच्छ्वासातून एक लांब, दमट श्वास आला, मनोऱ्यातले सात दिवसांचे सगळे बाहेर टाकणारा. मग पाणी आले.

माणसे हळूहळू परतली. मथुराबाई बोलत नसे. ती हौदावर बसे, कण्या टाकी आणि दुपारी कधीतरी दगडाला तोंड लावून ओरडे. पाणी भरायला आलेल्या बायका कळशी टाकून पळत. कोणी म्हणाले, तिला नळातल्या हडळीने झपाटले आहे. हडळीची गोष्ट शास्त्र्यांनीच शिपायांसाठी बनवली होती, पण ती त्यांच्या तोंडून गावभर पसरली आणि आता सगळी पेठ ती खरी मानत होती. तिला हौदावरून हाकला, मांत्रिक आणा, हडळ ज्यातून येते ती उच्छ्वासाची फट चुन्याने बुजवून टाका, असे सांगायला एक दिवस पाच-सहा जण शास्त्र्यांच्या ओट्याशी जमले.

शास्त्र्यांचा हात वाकडाच जुळला होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "झपाटलं आहे खरं," ते म्हणाले. "त्या झपाटण्यानं माझा नातू जगला. आपल्यापैकी कोणाला कधी असं झपाटलं असेल, तर त्यानं चुना कालवायला घ्यावा. बाकीच्यांनी पाणी भरून घरी जावं."

ते घरी गेले. फट तशीच राहिली. सगुणाबाई रोज बाळाला मथुराबाईच्या मांडीवर देऊ लागल्या. हिवाळा संपता संपता एके सकाळी बाळाने तिच्या नाकाला हात लावला आणि ती म्हणाली, "अगं बाई, नखं कापा याची." एवढेच. पण ते माणसाचे बोलणे होते. त्यानंतर ती थोडे थोडे बोलू लागली. दत्तोबाचे नाव मात्र तिने कधी घेतले नाही.

पुढच्या वर्षी पाऊस नीट झाला नाही आणि त्यानंतर दुष्काळ पडला. माणसे चिंचोके कुटून खाऊ लागली. माझ्या पुरलेल्या बियाही कोणी कोणी उकरून नेल्या. मथुराबाईच्या कण्या बंद झाल्या. तिलाच मिळत नव्हत्या. तरी ती हौदावर येऊन काठावर रिकामी मूठ उघडी आणि मी येऊन तिच्या बोटांना नाक लावून जाई. माझी ती दोन पिल्ले मोठी होऊन दूरच्या झाडांवर गेली. त्यांना आता माझी आठवण नाही. आमच्यात ते असेच असते.

आता माझे दिवस थोडे उरले आहेत. फांदीवरून उडी मारताना अंदाज चुकतो. एखाद्या दुपारी शिक्र्याची सावली येईल आणि मला ती उशिरा दिसेल.

मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. आम्ही तुमच्या वाती पळवतो, छपराचे गवत उपसतो, धान्याला तोंड लावतो. आम्हाला हाकला, तुमचा तो हक्क आहे. पण घराच्या भिंतीत, झाडाच्या ढोलीत, जुन्या दगडांच्या सांध्यात एखादी खोबण दिसली, तर चुना घालण्याआधी थोडे थांबा आणि तिला कान लावा. आत कोण श्वास रोखून बसले आहे, हे बाहेरून कळत नाही.